झाडात काही नव्हतं

पॅरिसला लागून असलेल्या पासी गावात, बेंजामिन फ्रँकलिन यांच्या बागेत, १७८४ साली एक प्रयोग झाला. फ्रान्ट्स आन्तोन मेस्मर नावाच्या डॉक्टरने तेव्हा पॅरिसला वेड लावलं होतं. सगळ्या विश्वात एक अदृश्य द्रव भरून आहे, शरीरात त्याचा प्रवाह अडला की आजार होतो, आणि हातांच्या हालचालींनी आपण तो प्रवाह मोकळा करू शकतो, असं तो सांगत असे. त्याच्याकडे येणाऱ्या माणसांना झटके येत, रडू फुटे, आणि त्यातल्या काहींना खरोखर बरंही वाटे. फ्रान्सच्या राजाने या प्रकाराची चौकशी करायला एक आयोग नेमला. त्यात फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. मेस्मर स्वतः पुढे आला नाही. त्याचा शिष्य देलों याने सहकार्य केलं.

देलोंने बागेतलं जर्दाळूचं एक झाड आपल्या शक्तीने भारलं. मग त्यानेच निवडलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून बागेत आणलं गेलं. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला आणि खोकला आला. दुसऱ्यापाशी डोकं दुखायला लागलं. तिसऱ्यापाशी त्रास आणखी वाढला. भारलेलं झाड जवळ आलंय, असं तो म्हणाला. चौथ्या झाडाखाली तो बेशुद्ध पडला. यांतलं एकही झाड भारलेलं नव्हतं. भारलेलं झाड दूर उभं होतं आणि मुलगा तिथवर पोचलाच नाही.

आयोगाने निष्कर्ष काढला: द्रव वगैरे काही नाही, ही सगळी कल्पनाशक्तीची करामत आहे. निष्कर्ष बरोबर होता. पण तो लिहून आयोगाने फाइल बंद केली, हे मला त्या काळातलं मोठं नुकसान वाटतं. नुसत्या कल्पनेने एक धडधाकट मुलगा बेशुद्ध पडू शकतो, तर मग तीच कल्पना माणसाला उभं करायला वापरता येईल का? देलोंने जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. कल्पनेचं औषध गुणकारी असेल तर ते का वापरू नये, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचं कुणी ऐकलं नाही.

त्या प्रश्नाला पहिलं नेमकं उत्तर दिलं ते गोव्याच्या एका माणसाने. जुझे कुस्तोदियु द फारिया, म्हणजेच आबे फारिया, यांचा जन्म १७५६ साली बार्देशातल्या कांदोळीला झाला. पुढे आईवडील वेगळे झाले, दोघांनीही धर्मजीवन स्वीकारलं, आणि १७७१ मध्ये हा मुलगा वडिलांबरोबर लिस्बनला गेला. तिथून रोम, मग धर्मगुरूची दीक्षा. गोव्यात सांगितली जाणारी आख्यायिका अशी की लिस्बनजवळच्या राजवाड्यात राणीसमोर प्रवचन द्यायला तरुण फारिया उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. खाली बसलेले वडील हळूच कोकणीत म्हणाले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ पोराची भीती गेली आणि प्रवचन सुरू झालं. गोष्ट खरी असो वा नसो, या प्रकरणाचा सगळा विषय तिच्यात आहे. राणी तीच, दरबार तोच. बदलली ती त्या माणसांकडे पाहण्याची नजर.

फारिया १७८८ मध्ये पॅरिसला आले, क्रांतीच्या धामधुमीत सापडले, पुढे दक्षिण फ्रान्समध्ये शिकवत राहिले. १८१३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पॅरिसमध्ये जाहीर व्याख्यानं आणि प्रात्यक्षिकं सुरू केली. त्यांची पद्धत अगदी साधी होती. समोरच्याला आरामखुर्चीत बसवायचं, डोळे मिटून मन झोपेवर एकाग्र करायला सांगायचं, आणि मग ठणकावून म्हणायचं, ‘झोपा!’ मेस्मरपंथीयांचे हातवारे नाहीत, लोखंडी कांड्या नाहीत, भारलेली झाडं नाहीत. याहून महत्त्वाचं होतं ते त्यांचं स्पष्टीकरण. माझ्यात कसलीही शक्ती नाही, जे घडतं ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनात, त्याच्या एकाग्रतेमुळे आणि अपेक्षेमुळे घडतं, असं ते सांगत. लोकांसमोर चमत्कार करून दाखवणाऱ्याने हे म्हणायला धैर्य लागतं. पॅरिसने त्यांची टिंगल केली. १८१६ मध्ये त्यांच्यावर बेतलेलं प्रहसन रंगभूमीवर आलं आणि व्याख्यानांची गर्दी ओसरली. १८१९ साली त्यांचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी ते गेले. पुढे अलेक्झांडर द्युमाने ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीतल्या तुरुंगातल्या विद्वान पाद्र्याला त्यांचं नाव दिलं, आणि जगाला फारिया हे नाव ठाऊक झालं ते त्या काल्पनिक पात्रामुळे.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला, १९४५ चा. शिल्प म्हणून तो विलक्षण जिवंत आहे: मागे कलणारी स्त्री, आणि तिच्यावर हात पसरून उभे असलेले फारिया. पण हातांत काही नसतं, हेच तर फारियांनी आयुष्याच्या शेवटापर्यंत सांगितलं होतं. संमोहनाबद्दल आपल्या मनात घट्ट बसलेलं चित्र, भेदक डोळे आणि पसरलेले हात, किती चिवट आहे हे त्या पुतळ्यासमोर उभं राहिलं की कळतं.

पुढचा इतिहास भराभर सांगता येईल. १८४५ मध्ये बंगालमधल्या हुगळीला जेम्स एस्डेल या स्कॉटिश सर्जनने मेस्मरच्या पद्धतीने रुग्णांना गुंगीत नेऊन मोठमोठ्या गाठी काढल्या; भूल देणारी औषधं तेव्हा आली नव्हती. सरकारने समिती नेमली, कलकत्त्यात त्यासाठी रुग्णालयही निघालं, पण १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आलं आणि हा अध्याय संपला. १८४१ मध्ये मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या सर्जनने मेस्मरवाद्यांचा एक खेळ पाहिला, घरी जाऊन स्वतः प्रयोग केले, आणि एका बिंदूवर नजर व एका कल्पनेवर मन खिळवणं एवढंच त्यासाठी पुरतं, असं दाखवलं. ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रुळलं ते त्याच्यामुळे. नंतर फ्रान्समध्ये मोठा वाद झाला. पॅरिसचे शार्को म्हणत, संमोहित होणं हेच उन्मादाच्या आजाराचं लक्षण आहे. नान्सी शहरातले बर्नहाइम म्हणत की ही सूचनेला प्रतिसाद देण्याची, सर्वांमध्येच असलेली शक्ती आहे. बर्नहाइम बरोबर ठरले. म्हणजे सत्तरेक वर्षांनी फारिया बरोबर ठरले.

सूचनेचा हा एक प्रवाह झाला; विवेकाचा दुसरा प्रवाह याहून कितीतरी जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये एपिक्टेटस नावाचा एक गुलाम होता. पुढे तो मुक्त झाला, सम्राटाने तत्त्वज्ञांना हाकलून दिल्यावर ग्रीसमधल्या निकोपोलिसला त्याने शाळा काढली. त्याने स्वतः काही लिहिलं नाही. एरियन या शिष्याने टिपणं ठेवली म्हणून त्याची शिकवण उरली. त्या शिकवणीचा गाभा असा की माणूस घटनेने नव्हे तर घटनेबद्दलच्या आपल्या निर्णयाने अस्वस्थ होतो, आणि म्हणून काय आपल्या हातात आहे व काय नाही हे रोज, क्षणोक्षणी वेगळं करत राहावं लागतं. स्टोइक पंथाच्या लोकांनी याला व्यायाम मानलं. सकाळी उठून दिवसात भेटणाऱ्या कटकटी डोळ्यांसमोर आणायच्या, रात्री दिवसाची उजळणी करायची, संकटाची आधीच कल्पना करून त्यातलं भय झिजवायचं. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसने स्वतःसाठी ठेवलेली टिपणं म्हणजे अशाच व्यायामाची वही आहे. मनाला समोर बसवून बोलायची ही रीत मराठी वाचकाला परकी वाटायचं कारण नाही. रामदासांचे मनाचे श्लोक आपण लहानपणी पाठ केलेले असतात. मात्र दोन्ही एकच, असं म्हणण्याची घाई करू नये. रामदास मनाला भक्तीकडे वळवतात, एपिक्टेटस विवेकाकडे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या पॉल द्युब्वा या डॉक्टरने स्टोइकांचा हा विचार दवाखान्यात आणला. तो संमोहनाचा कट्टर विरोधक होता. रुग्णाच्या गळी कल्पना उतरवू नका, त्याच्याशी तर्काने बोला आणि त्याला विचार करायला शिकवा, असा त्याचा आग्रह होता. अशा रीतीने सूचना आणि विवेक हे दोन प्रवाह एकमेकांचे शत्रू म्हणून उभे राहिले. माझ्या मते ते शत्रू नव्हतेच. दोघांचंही म्हणणं एकच होतं: आजारी माणूस स्वतःला काहीतरी सांगत असतो, आणि ते सांगणं बदलता येतं.

अमेरिकेत या विचाराला आजचं रूप आलं ते दोन माणसांमुळे, आणि दोघंही मनोविश्लेषणाला कंटाळून इकडे वळले होते. अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) न्यू यॉर्कमध्ये वाढला. एकोणिसाव्या वर्षी त्याला मुलींशी बोलायची विलक्षण भीती वाटे. त्याने ठरवलं की महिनाभर रोज ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. अशा शंभराएक जणींशी तो बोलला. एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण कुणी ओरडलं नाही, कुणी पोलिस बोलावले नाहीत, आकाश कोसळलं नाही. एलिसची भीती गेली. एपिक्टेटस त्याने वाचला होता. १९५५ च्या सुमारास त्याने स्वतःची उपचारपद्धती मांडली. घटना, घटनेबद्दलची धारणा आणि त्यातून आलेली भावना अशी तीन पावलं त्याने वेगळी केली. इच्छा असणं गैर नाही, पण इच्छेचा हट्ट झाला की माणूस दुःखी होतो, हे तो आयुष्यभर मोठ्याने, प्रसंगी शिव्या घालून सांगत राहिला.

एरन बेक (१९२१–२०२१) याच्या उलट, शांत स्वभावाचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या या मनोविकारतज्ज्ञाला मनोविश्लेषणाचा सिद्धांत प्रयोगाने सिद्ध करायचा होता. खिन्न माणसाच्या स्वप्नांत दडपलेला राग सापडायला हवा होता. सापडला तो पराभव. एक स्त्री रुग्ण त्याच्याशी आपल्या खाजगी आयुष्याबद्दल बोलताना बेचैन होई. बेकला वाटलं, हिला अपराधी वाटत असणार. विचारल्यावर कळलं की बोलता बोलता तिच्या मनात सारखं येत होतं, डॉक्टर आपल्याला कंटाळले असणार. असे विचार झरकन येतात, आपण ते तपासत नाही, आणि तरीही त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवतो. बेकने त्यांना आपोआप येणारे विचार म्हटलं. १९६१ मध्ये त्याने खिन्नता मोजण्याची २१ प्रश्नांची यादी तयार केली. १९७७ मध्ये त्याच्या उपचाराची तुलना थेट एका खिन्नताविरोधी औषधाशी झाली आणि उपचार टिकला. १९७९ च्या नैराश्यावरच्या ग्रंथात बेक आणि सहकाऱ्यांनी आपल्या पद्धतीचं मूळ स्टोइकांमध्ये असल्याचं नमूद केलं आहे.

वागणं बदलून भीती घालवणाऱ्या वर्तनोपचाराचा धागा इथेच येऊन मिळाला, आणि त्यातून विचार व वर्तन दोन्ही हाताळणारी सीबीटी ही पद्धत घडली. वर्तनोपचाराच्या सुरुवातीच्या काही पुरस्कर्त्यांचं संमोहनाशी नातं होतं, हे बहुतेक पाठ्यपुस्तकं सांगत नाहीत. अमेरिकेतल्या अँड्र्यू सॉल्टरने १९४१ मध्ये स्वसंमोहन शिकवण्यावर लेख लिहिला आणि १९४९ मध्ये वर्तनोपचाराचं एक पहिलंवहिलं पुस्तक लिहिलं. दक्षिण आफ्रिकेचे जोसेफ वोल्पी भीतीवर पायरीपायरीने उपचार करत, तेव्हा रुग्णाला सैलावण्यासाठी सुरुवातीला संमोहनच वापरत.

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहू. समजा, एका तालुक्याच्या गावातल्या शिक्षिका आहेत. वर्गात त्या उत्तम शिकवतात, पण पालकसभेत उभं राहिलं की तोंडाला कोरड पडते, छातीत धडधडतं. म्हणून त्या मान खाली घालून कागदावरून वाचतात आणि पटकन बसतात. उपचारक आधी त्यांच्या बालपणात शिरत नाही. तो विचारतो, ‘बाई, मागच्या सभेत उभं राहिलात त्या क्षणी मनात काय आलं?’ पहिलं उत्तर बहुधा ‘काही नाही, भीती वाटली’ असंच येतं. आणखी विचारल्यावर वाक्यं बाहेर पडतात: आवाज कापेल. सगळ्यांना दिसेल. हिला काही येत नाही असं म्हणतील.

ही वाक्यं वहीत लिहिली जातात. प्रत्येकावर किती विश्वास आहे, शंभरापैकी आकडा टाकायचा. मग दोघं मिळून पुरावा तपासतात, अगदी वकील तपासतात तसा नव्हे, तर खरंखुरं कुतूहल ठेवून. दुसऱ्या कुणाचा आवाज कापला तेव्हा तुम्ही त्याच्याबद्दल काय विचार केला होता? कापणं तुम्हाला आतून जितकं जाणवतं तितकं बाहेर ऐकू येतं का? गप्पा मारून हे ठरत नाही, म्हणून प्रयोग ठरतो. पुढच्या सभेत कागद बाजूला ठेवायचा, समोरच्या तीन पालकांकडे पाहून बोलायचं, आणि आधी केलेलं भाकीत व प्रत्यक्ष घडलेलं शेजारी शेजारी लिहायचं. कागद बाजूला ठेवणं इथे सर्वांत मोलाचं आहे. मान खाली घालून वाचण्यामुळे आपण वाचलो, असं बाईंना वाटत आलेलं असतं, आणि त्यामुळेच भीती खोटी आहे हे कळण्याची संधी त्यांना कधी मिळालेली नसते. साधारण १२ ते २० भेटींत हे काम होतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त भेटींच्या मधल्या दिवसांत, घरी आणि शाळेत होतं.

संमोहन कुठे बसतं? तेही इथेच. बाई खुर्चीत सैल बसतात, नजर किंचित वरच्या बिंदूवर ठेवतात, पापण्या जड होऊ देतात. ही झोप नसते. त्यांना सगळं ऐकू येतं, नको वाटलं तर त्या डोळे उघडू शकतात. मग कल्पनेत त्या सभेच्या दारातून आत जातात, खुर्च्यांची रांग पाहतात, धडधड सुरू होऊ देतात, आणि आपणच बेतलेलं वाक्य मनात म्हणत बोलायला लागतात. वाक्य कुठलं, याला फार महत्त्व आहे. ‘मला अजिबात भीती वाटत नाही’ हे वाक्य मन स्वीकारणार नाही. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्सच्या एमिल कुएने लोकांना रोज आपण बरे होत चाललो आहोत अशा अर्थाचं वाक्य घोकायला लावलं, त्याची मर्यादा हीच होती. ‘आवाज कापला तरी मला बोलता येतं’ हे खरं आहे, तपासलेलं आहे, म्हणून ते टिकतं. द्युब्वाचा तर्क आणि फारियांची सूचना इथे एकत्र येतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल अराओझ यांनी तर सतत काळजी करणाऱ्या माणसाच्या मनात चालतं त्याला नकारात्मक स्वसंमोहन म्हटलं. डोळ्यांसमोर एकच चित्र, मनात एकच वाक्य, आणि शरीर त्याला प्रतिसाद देतंय. मला हे वर्णन नेमकं वाटतं. बाईंना संमोहन नव्याने शिकवावं लागत नाही. ते त्या सभेच्या आदल्या रात्री करतच असतात.

सूचनेने खरोखर काय बदलतं, याचा एक सुंदर पुरावा १९९७ मध्ये पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी मांडला. माणसांचा हात त्रासदायक गरम पाण्यात ठेवला आणि संमोहनात सूचना दिली की दुखणं कमी किंवा जास्त नकोसं वाटेल. वेदना किती तीव्र आहे याची नोंद घेणारा मेंदूचा भाग जवळपास तसाच राहिला. ती किती नकोशी वाटते याच्याशी संबंधित भागातली हालचाल मात्र सूचनेप्रमाणे बदलली. पाण्याचं तापमान तेच होतं. घटना आणि घटनेबद्दलचा निर्णय यांची जी फोड एपिक्टेटसने केली होती, ती मेंदूच्या चित्रात अशी दिसली.

सीबीटी आणि संमोहन एकत्र वापरल्याने फायदा होतो का? १९९५ मध्ये अर्व्हिंग कर्श आणि सहकाऱ्यांनी १८ अभ्यास एकत्र तपासून होतो असं म्हटलं, पण वजन कमी करण्याबद्दलचे त्यांचे आकडे नंतरच्या फेरतपासणीत बरेच खाली आले. वेदना, शस्त्रक्रियेआधीची भीती आणि आतड्यांचा आयबीएस हा आजार यांत संमोहनाचा आधार जास्त भक्कम आहे. आयबीएसवर औषधांनी वर्षभरात आराम पडला नाही तर सीबीटी किंवा संमोहनोपचार विचारात घ्यावा, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शिका सांगते. नैराश्य आणि चिंताविकारांत मात्र सीबीटीचा पुरावा संमोहनाच्या कितीतरी पुढे आहे, आणि तिथे केवळ संमोहनावर विसंबणं मला योग्य वाटत नाही.

एका गोष्टीबाबत मी ठाम आहे. संमोहनाने विसरलेल्या आठवणी बाहेर काढता येतात हा समज धोकादायक आहे. सूचनाशील अवस्थेत माणूस कल्पनेला आठवण समजू शकतो, आणि त्याबद्दलची त्याची खात्रीही वाढते. अमेरिकेत अशा ‘आठवणीं’वरून घरं मोडली, खटले उभे राहिले. मागच्या जन्मात नेणाऱ्यांचा धंदा याच दुबळेपणावर चालतो. पासीच्या बागेत चौथ्या झाडाखाली पडलेला मुलगा खोटं बोलत नव्हता, तसेच हे लोकही खोटं बोलत नाहीत. पण झाडात काही नव्हतं.

मराठीत हा विचार आणण्याचं मोठं श्रेय मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांना जातं. एलिसशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता, आणि विवेकनिष्ठ मानसोपचार त्यांनी आपल्याकडे शिकवला, लिहिला, रुजवला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तो दवाखान्याबाहेर, शाळांत आणि व्याख्यानांत नेला. पण तज्ज्ञ मोजके आणि गरजू अफाट, हा प्रश्न उरतोच. त्यावरचं सर्वांत आशादायक काम गोव्यातल्या संगाथ या संस्थेने केलं. मानसोपचाराचं आधी कसलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा, वर्तनावर भर देणारा उपचार दिला. ४९५ रुग्णांच्या या चाचणीचे निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते. फक्त नेहमीची, थोडी सुधारलेली देखभाल मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. उपचार म्हणजे कुणा असामान्य व्यक्तीची शक्ती नसून शिकता आणि शिकवता येणारं कौशल्य आहे, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

तेव्हा वाचकहो, तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला गरज पडली तर उपचारकाला न लाजता विचारा: तुमचं शिक्षण काय, भारतीय पुनर्वास परिषदेकडे तुमची नोंदणी आहे का, किती भेटी लागतील, आणि घरी मला काय करायचं आहे? शेवटच्या प्रश्नाला ‘काही नाही, सगळं मी करीन’ असं उत्तर आलं तर उठून बाहेर पडा. जवळपास कुणीच नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.